साहेबाचा मुक्काम आणि महाराची पाठ

इंग्रजांच्या सवयी हा मराठी पांढरपेशा लेखकाचा जुना लाडका विषय आहे. त्यांचा वक्तशीरपणा, हवापाण्यावरचे बोलणे, चहाचा सोपस्कार, रांगेत उभे राहण्याची हौस, कुत्र्यांचे लाड यांवर लेखामागून लेख झाले. १९६० साली पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने तर हा विषय घराघरांत पोचवला. हे लेखन पाहुण्याच्या खुर्चीवरून झालेले आहे. समोर बशी, बशीत कप, आणि पलीकडे हसतमुख यजमान. त्या कपाला लागणारे पाणी कोणी आणले, चूल कोणी पेटवली, उष्टा कप कोणी विसळला हे खुर्चीवरून दिसत नाही.

शहापूर-मुरबाडच्या मुलखात इंग्रज खुर्चीवर भेटला नाही. तो मुक्कामाला आला. आला म्हणजे त्याची टेबलखुर्ची, पलंग, न्हाणीचा टब, पेट्या, तंबू, बंदुका आणि कुत्री आली. ही सगळी गाठोडी चालत आली नाहीत. म्हणून या तालुक्यांतल्या अस्पृश्यांच्या दृष्टीने इंग्रजाची सवय हा ओझ्याचा विषय आहे. एखाद्या माणसाची सवय टिकण्यासाठी दुसऱ्या किती माणसांचे हात लागतात, हा प्रश्न आपल्या इतिहासलेखनाने अजून नीट विचारलेला नाही.

जिल्ह्याचा कलेक्टर आणि त्याचे असिस्टंट पावसाळा सरला की दौऱ्यावर निघत. जमाबंदी तपासणे, तक्रारी ऐकणे, जंगल पाहणे, जमले तर शिकार करणे, असा तो दौरा उन्हाळ्यापर्यंत चाले. राहुट्यांचे दोन संच असत. साहेब एका गावी रात्रीचे जेवण घेत असताना दुसरा संच पुढच्या गावाकडे रवाना झालेला असे, कारण सकाळी घोड्यावरून साहेब पोचला की तंबू उभा, पाणी तापलेले आणि टेबल मांडलेले असलेच पाहिजे. इंग्रजाच्या वक्तशीरपणाचे गोडवे गाताना हा दुसरा संच विसरू नये. साहेब वेळेवर जेवला, कारण रात्रभर कोणी तरी चालत होते.

चालत कोण होते? काही सामान बैलगाड्यांवर जाई. पण मुरबाडकडून माळशेजच्या पायथ्याला किंवा डोळखांबच्या बाजूच्या डोंगरांत गाडीरस्ता कुठला असायचा? तिथे डोकी आणि पाठी. आणि त्या हक्काच्या डोक्यांची सोय गावगाड्याने शतकानुशतके करून ठेवलेलीच होती. महार हा वतनदार. अधिकारी गावात आला की त्याच्या दिमतीला राहणे, सामान पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवणे, लाकूड आणि गवत आणून देणे, घोड्यांकडे पाहणे, निरोप नेणे ही त्याची वतनी कामे. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने या जुन्या व्यवस्थेला इंग्रजी कायद्याचे कलम लावून दिले. मोबदला म्हणजे काय, तर इनामाचा तुकडा आणि गावकऱ्यांनी मनात आले तर दिलेले बलुते. सरकारच्या तिजोरीला साहेबाचा मुक्काम फारच स्वस्तात पडत होता.

कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या वाट्याला हाका आला. साहेब मचाणावर बसे आणि जंगल उठवत अनवाणी माणसे त्याच्याकडे चालत येत, मध्ये जनावर. शिकारीच्या गोष्टी लिहिणाऱ्या साहेबांनी जनावराचे माप इंचांत दिलेले असते. हाकेकऱ्यांची नावे मात्र त्यांत सापडायची नाहीत.

माझ्या आजीचे वडील मुरबाडच्या बाजूला असे मुक्कामाच्या वेठीला जात. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचणारा मी पहिला, तेव्हा लेखी पुरावा आमच्याकडे नाही. आजीच्या तोंडी जे होते तेवढेच. तिला टबाचे फार हसू यायचे. साहेब आपल्याच मळाच्या पाण्यात बसून राहतो आणि त्याला अंघोळ म्हणतो, हे सांगताना ती नाक मुरडायची. ज्या माणसाच्या सावलीने गाव विटाळत होते, त्या माणसाला राज्यकर्त्याच्या अंघोळीची शिसारी यावी! मला यात एक निरोगी खूण दिसते. मालकाला ओवाळण्याची सक्ती असते तिथेही नोकर त्याला मनातल्या मनात मोजत असतो.

साहेबाचा दिवस पहाटे 'छोटी हाजरी'ने सुरू होई. चहा, टोस्ट, कधी केळे. मग घोडा. मग टब, न्याहारी, तंबूतली कचेरी, दुपारचे टिफिन, संध्याकाळी बंदूक घेऊन फेरी, आणि रात्री कपडे बदलून जेवण. या शेवटच्या सवयीवर थोडे थांबले पाहिजे. आसपास मैलोगणती दुसरा गोरा माणूस नसताना, कंदिलावर किडे आपटत असताना, कडक कॉलर लावून एकट्याने टेबलावर बसणारे साहेब होते. इंग्रज याला स्वतःची शिस्त म्हणत. आपल्याकडे याला दुसरा शब्द आहे: सोवळे. कपडे बदलल्याखेरीज जेवायचे नाही, ठरलेल्या जागेवर ठरलेल्या भांड्यातच जेवायचे, आपल्या पंक्तीचा नसलेल्याला पंक्तीला घ्यायचे नाही. आपण इतरांहून वेगळे आहोत हे रोज अंगावर नेसून स्वतःला पटवून द्यायचे. क्लबांच्या दारावर नेटिवांना मज्जाव होता, त्याचे मूळही याच टेबलात आहे. ब्राह्मणाचे सोवळे आणि साहेबाचा डिनर-कोट एकाच तागाचे आहेत असे मी म्हणणार नाही. साहेबाच्या ताटाला महाराचा हात चालत होता, हा फरक लहान नव्हे. पण तो का चालत होता, ते पाहिले पाहिजे.

साहेब गोमांस खाई, डुकराचे मांस खाई, दारू पिई. ते शिजवायला, वाढायला सवर्ण हिंदू तयार नसे. मुसलमानाला डुक्कर वर्ज्य. त्यामुळे मुंबई इलाख्यात साहेबाचा स्वयंपाकी पुष्कळदा गोव्याचा ख्रिस्ती असे, आणि घोडेवाला, हमाल, आया, बटलर, कुत्र्यांसाठी ठेवलेला पोरगा या कामांत अस्पृश्यांना शिरकाव मिळाला. पुणे, खडकी, देवळाली, महू अशा छावण्यांत तर महारांची एक पिढीच्या पिढी या चाकरीवर उभी राहिली. याला साहेबाची उदारता म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की त्याला पर्याय थोडे होते. आणि याला निव्वळ गुलामी म्हणणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या स्वयंपाकघरात पाण्याच्या हंड्याला हात लावला म्हणून कोणी काठी घेऊन धावत नव्हते. महिन्याला पगार रोख मिळत होता, आणि रोख पैशाला गावच्या पाटलाची परवानगी लागत नाही.

या नोकरांवर साहेबांनी विनोदी पुस्तके लिहिली. 'ईएचए' या नावाने लिहिणारा एडवर्ड हॅमिल्टन एटकन हा १८५१ साली साताऱ्यात जन्मलेला, मुंबई सरकारच्या कस्टम्स व मीठ खात्यातला अधिकारी. त्याचे 'बिहाइंड द बंगलो' १८८९ साली निघाले. बॉय, कुत्रेवाला पोरगा, घोडेवाला, बटलर, डोमिंगो नावाचा स्वयंपाकी, हमाल, धोबी, आया, भिस्ती, एकेकावर एकेक प्रकरण. लेखणी गोड आहे, निरीक्षण बारीक आहे. पण सगळे पुस्तकभर नोकर हा गमतीचा प्राणी आहे. त्याच सुमारास फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या मडमांनी नव्याने येणाऱ्या मडमांसाठी घर चालवण्याचे पुस्तक लिहिले. त्यात नोकराला मुलासारखे वागवावे, रोजचा शिधा मोजून द्यावा, दंड-बक्षिसाची पद्धत ठेवावी, असा उपदेश आहे. चुकार नोकराला एरंडेल पाजण्याचाही उपाय आहे. मोठ्या बाप्यांना एरंडेल! 'बॉय' ही हाक तर सुप्रसिद्धच. पांढऱ्या मिशांच्या माणसालाही बॉय. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाने तिची व्युत्पत्ती देताना इंग्रजी शब्दाबरोबर दक्षिणेतल्या पालखी वाहणाऱ्या भोयांकडेही बोट दाखवले आहे. म्हणजे तो पोरगा असो की भोई असो, वाहायचे त्यानेच.

आता या 'बॉय'चे दुसरे चित्र पाहा. शिवराम जानबा कांबळे (जन्म १८७५) हे पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलर होते. साहेबांची टेबले मांडता मांडता त्यांनी इंग्रजी आत्मसात केले, वाचन केले, आणि १९०३ साली सासवडला एक्कावन्न गावांच्या महारांची सभा भरवून सरकारकडे अर्ज केला. १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले. १९१० साली भारतमंत्र्यांकडे लष्कर-पोलिसांतल्या नोकऱ्यांसाठी निवेदन पाठवले. ईएचएच्या पुस्तकातला बटलर हा गमतीचा प्राणी आहे. पुण्याच्या बटलराने साहेबाची भाषा उचलली आणि तिच्यातच त्याला जाब विचारला. हे दोघे बटलर एकाच काळाचे आहेत. ज्याला ट्रे धरून तास-दोन तास भिंतीला टेकून न बोलता उभे राहावे लागते, तो ऐकत असतो. मेजावर काय बोलले जाते, कायदा कसा केला जातो, अर्ज कोणाला लिहायचा असतो, कुठल्या शब्दांनी साहेब हलतो आणि कुठल्या शब्दांनी हसतो, हे सगळे त्याला कळते. दलित चळवळीच्या पूर्वेतिहासात छावणीतल्या शाळेला आपण योग्य मान देतो. छावणीतल्या मुदपाकखान्याकडे मात्र पाहायला संकोचतो, कारण 'बटलर' म्हणवून घेण्यात कमीपणा वाटतो. हा संकोच सवर्णांच्या नजरेतून आपल्यात आलेला आहे.

कमोडबद्दल लिहिणे टाळता येणार नाही. इंग्रज स्वच्छ, नेटिव घाणेरडा, हे त्या काळचे ठरलेले पालुपद. पण तंबूत असो की बंगल्यात, साहेबाची लाकडी पेटी दर वेळी उचलून रिकामी करणारा एक माणूस मागच्या दाराशी हजर लागे. शौचाला पाण्याऐवजी कागद वापरणाऱ्याचे पाणी वाचले असेल, भंग्याचे हात वाचले नाहीत. इंग्रजांच्या मायदेशात तोवर पाण्याचे संडास आणि भुयारी गटारे येत होती. इथे माणूस इतका स्वस्त होता की यंत्राची घाई कोणालाच नव्हती. इंग्रज गेले, पेट्या गेल्या नाहीत. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध कायदा करायला १९९३ साल उजाडले आणि तो पुरा पडला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला.

घरात महाराच्या हातचे चालणारा साहेब कचेरीत गेला की कसा वागे? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. एका मुलासाठी बाकीची शाळा ओस पडेल, हा हिशोब. सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असाव्यात हे तत्त्व वरच्या पातळीवर पुढे मान्य झाले, पण तत्त्वाला बसायला बाक लागतो आणि तो बाक बराच काळ व्हरांड्यात राहिला. लष्कराचेही तसेच. कोरेगावला १८१८ साली ज्यांच्या बळावर लढाई झाली, त्यांची भरती १८९० नंतरच्या दशकात 'लढाऊ जमाती'चा सिद्धांत पुढे करून बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात गरज लागली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभारली आणि १९२१ साली मोडली. बंदूक धरायला महार नालायक, पण त्याच साहेबाची बंदूक पुसून ठेवायला, घोडा धरायला, मूल सांभाळायला लायक! आपले तान्हे लेकरू अस्पृश्य आयेच्या मांडीवर निर्धास्त सोडून जाणाऱ्या माणसाला तिच्या मुलाला शाळेत घेताना सवर्णांच्या भावना आठवत.

महात्मा फुल्यांनी हे दुखणे फार आधी ओळखले होते. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये त्यांचा एक आरोप असा की गोरे कामगार ऐषआरामात गुंतलेले असल्यामुळे त्यांना रयतेची खरी स्थिती शोधून काढायला सवड नसते, आणि सारा कारभार भटकामगारांच्या हाती जातो. मुक्कामाचे वर वर्णन केलेले वेळापत्रक समोर ठेवून हा आरोप पुन्हा वाचावा. टब, न्याहारी, टिफिन, शिकार आणि डिनर यांच्या फटीत जी कचेरी बसे, तीत रयतेचा अर्ज साहेबापर्यंत पोचे तो कारकुनाच्या वाचनातून. साहेबाला मोडी येत नसे, आली तरी कंटाळा असे. तंबूबाहेर जोड्यांपाशी उभ्या राहिलेल्या महाराचे म्हणणे किती पोचे, हे त्याच्यात आणि साहेबात उभ्या असलेल्या शिरस्तेदारावर अवलंबून. सकाळी त्याच महाराने साहेबाचा पलंग डोक्यावरून आणलेला असे.

अपवाद होते. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासींच्या स्थितीवर केलेला अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. अंशतः वगळलेले प्रदेश म्हणून जे भाग तेव्हा जाहीर होते त्यांत शहापूर तालुका होता. सावकार, जमीनदार, जंगलाचे ठेकेदार आदिवासींना कसे पिळतात हे त्याने स्पष्ट लिहिले आहे. अशा साहेबांचे ऋण मानावे. पण अहवाल लिहून साहेब बदलीवर गेला, आणि वेठ हटली ती १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याच्या किसान सभेपासून जो वणवा जिल्ह्यात पेटला त्यानंतर, आदिवासींनी स्वतः नाही म्हटल्यावर.

उन्हाळ्यात डोंगरावर पळणे ही साहेबाची आणखी एक सवय. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट याने माथेरान 'शोधले', असे छापलेले असते. ठाकूर, धनगर, कातकरी तिथे आधीपासून राहत होते. ते कोणाला हरवलेले नव्हते. माथेरान तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. साहेब-मडमांना वर न्यायला पालख्या, मग माणसांनी ओढायच्या रिक्षा. १९०७ साली नेरळची छोटी रेल्वे झाली तरी वर गेल्यावर माणूसच जुंपला जाई. इंग्रज जाऊन अठ्ठ्याहत्तर वर्षे होत आली तेव्हा, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, सर्वोच्च न्यायालयाला या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असे सांगावे लागले. सरन्यायाधीशपदी तेव्हा भूषण गवई होते.

साहेबाच्या सवयींतून आपण काहीच घेतले नाही का? घेतले. मुक्कामाच्या सोयीसाठी सरकारने जागोजागी मुसाफिरी बंगले बांधले. महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावरून परतलेल्या माणसांवर जमाव लाठ्या घेऊन तुटून पडला, तेव्हा बाबासाहेब तिथल्या सरकारी बंगल्यात उतरलेले होते. गावात सवर्णाचे एकही घर त्यांना उतरायला मोकळे नसावे आणि परक्या राजाच्या नोकरांसाठी बांधलेले छप्पर मोकळे असावे! त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच बाबासाहेबांनी स्त्रियांना नीट लुगडे नेसा, अस्पृश्यतेची खूण पटवणारे दागिने टाका असे सांगितले. त्यांच्या स्वतःच्या सुटाबुटावर सवर्ण वर्तमानपत्रे टोमणे मारीत. पण पोशाख हा जातीचा दाखला असलेल्या देशात साहेबाची कॉलर अस्पृश्याच्या गळ्यात आली की तिचा अर्थ पार बदलतो. तंबूतला साहेब ती वेगळे राहण्यासाठी लावी. बाबासाहेबांनी ती, कोणी खूण ओळखून बाजूला बसवू नये म्हणून लावली.

वतनाच्या मुळावर घाव घालणारे विधेयक बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कौन्सिलात मांडले. वतनदार महार चोवीस तास सरकारचा बांधील, आणि तो हजर नसेल तर त्याच्या घरचे माणूस बांधील, ही स्थिती त्यांनी तिथे उघडी केली. विधेयक पुढे गेले नाही. १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, तोवर साहेब निघून गेला होता आणि बाबासाहेबही नव्हते.

साहेब गेला, मुक्काम गेला नाही. टेबलावरची घंटी, दारावरचा पट्टेवाला, पाण्याचा पेला दुसऱ्याने भरून द्यावा ही अपेक्षा, साहेबांची बॅग गाडीतून काढायला धावणारा शिपाई, बंगल्यावर भाजी निवडायला लावलेला सरकारी माणूस, हे सगळे कोणत्या इंग्रजाने चालू ठेवले? गाडीवरचा लाल दिवा २०१७ साली काढला, घंटी राहिली. आरक्षणाने आपल्यातलेही काही त्या खुर्चीवर बसले. त्यांतल्या काहींनी आल्या दिवशीच घंटी खणात टाकली, असे अधिकारी मी पाहिले आहेत. काहींना मात्र 'साहेब' ही हाक इतकी गोड लागली की शिपायाच्या आडनावाकडे त्यांचे लक्षच गेले नाही. तो शिपाई पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो, ठेकेदारामार्फत लागलेला, पगार कापून घेणारा.

किन्हवली, डोळखांब, धसई, टोकावडे या बाजूला ऐंशी-नव्वदी ओलांडलेली माणसे आहेत. त्यांच्या बापजाद्यांनी तंबूचे खुंटे ठोकले. कुठल्या आंबराईत मुक्काम पडे, कोण किती ओझे उचली, मजुरीचा आणा हातात पडे की कारकुनाच्या खिशात जाई, आयेचे काम करून परतलेल्या बाईला वस्तीने कसे वागवले, हे त्यांना ऐकून माहीत आहे. गॅझेटियरमध्ये ते नाही. माझ्या वर्गातल्या पोरांना गेल्या दोन वर्षांपासून सुट्टीत घरी जाताना वह्या देऊन पाठवतो. आतापर्यंत अकरा वह्या भरल्या आहेत, त्यांतल्या चार मुलींच्या. एका वहीत फक्त साहेबाच्या कुत्र्यांची नावे आहेत. ती म्हाताऱ्याला सगळी आठवत होती.